चेनची झीज वाचणारी माणसं

जुनं मशीन लोकांसमोर मांडायचं ठरलं की पहिला वाद रंगावरून होतो. एक बाजू म्हणते, घासून काढा, पुटिंग भरा, नवा पिवळा मारा. कारखान्यातून निघालं तेव्हा दिसत होतं तसं दिसू दे. दुसरी म्हणते, गंज थांबवा आणि पुढे हात लावू नका. आयुष्यभर जे काम केलं त्याच्या खुणा अंगावर राहू देत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. या हिवाळ्यात लाकूडधंद्यातल्या जुन्या अवजारांच्या मेळाव्यात आमचा डी-४ उभा केला, तेव्हापासून तर जास्तच.

कॅटरपिलर डी-४ हा चाकांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या चेनवर चालणारा ट्रॅक्टर. आमच्या मालिकेतले डी-४ १९४७ ते १९५९ या काळात अमेरिकेत बनत होते. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, साडेचार इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), साडेपाच इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव). पुढे माती ढकलायचं पातं, मागे तारेच्या रोपाने ओंडके ओढायचं विंच. हे मशीन एका बंद पडलेल्या सॉ मिलच्या मागे करवंदीच्या जाळीत उभं होतं, आणि गॅस कटरवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. मिलमालकांच्या वडिलांनी ते मुंबईहून सेकंडहँड आणलेलं. जंगलात ट्रक शिरेल इतपत रस्ता काढायचा आणि तोडलेले ओंडके त्या रस्त्यापर्यंत ओढून आणायचे, हे त्याचं काम. पुढे डोंगरावरचं लाकूड सरलं आणि त्याच मशीनने आंब्या-काजूच्या बागांसाठी सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, सारखे केले. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कोकणात असं काम भरपूर निघालं. या मशीनची शेवटची कमाई त्यातलीच.

माझं कुडाळात डिझेल पंप-नोझलचं वर्कशॉप आहे. रोजचा धंदा ट्रकचा, ट्रॉलरचा, शेतीपंपाचा. त्यामुळे या इंजिनाजवळ गेलो तो पंपाच्या ओढीने. त्या काळच्या कॅटरपिलरची इंधनाची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप, आणि डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका लहानशा प्री-कंबशन चेंबरमध्ये जातं. तिथे पेट घेऊन मग खाली पिस्टनवर येतं. नोझलला एकच भोक, दाब आजच्या मानाने फार कमी. त्यामुळे बॅरलमधून ओतलेलं, नीट न गाळलेलं डिझेलही हे इंजिन रानात पचवत असे. पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेलला दाब देणारा दांडा, बाहेर काढून हातात घेतला तेव्हा त्याच्यावरची घासणीची रेघ उन्हात तिरकी धरून पाहिली. इतक्या वर्षांनंतरही ती बोटाला लागत नव्हती, फक्त दिसत होती. असं काम पाहिलं की मला अजून आनंद होतो.

जास्त वेळ खाल्ला तो स्टिअरिंग क्लचनी. या ट्रॅक्टरला स्टिअरिंग व्हील नाही. दोन लिव्हर आणि दोन ब्रेक. उजवा लिव्हर ओढला की उजव्या चेनची ताकद तुटते, डावी चेन ढकलत राहते आणि मशीन उजवीकडे वळतं. हे क्लच कोरडे असतात. आमच्या पावसात उघड्यावर पडलेल्या मशीनच्या कोरड्या प्लेटा गंजून एकमेकींना अशा चिकटतात की वेगळ्या करायला घण नव्हे, सबुरी लागते. घण मारला की प्लेट फुटते. तेल सोडायचं, ऊब द्यायची, हलवून बघायचं, परत ठेवून द्यायचं. आमच्या वर्कशॉपातल्या मुलाने हे काम न कंटाळता केलं. शेवटची प्लेट सुटली तेव्हा त्याने मला फोन केला नाही, सरळ घरी आला.

आणि सुरू करण्याची रीत! मोठं डिझेल इंजिन सेल्फवर सुरू होत नाही. त्याच्या कडेला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, त्याला पोनी म्हणतात. आधी ते सुरू करायचं. मोठ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन लिव्हरने सोडून द्यायचं म्हणजे ते हलकं फिरतं. मग पोनीचा पिनियन घालायचा, क्लच लावायचा, आणि मोठ्या इंजिनाला नुसतं फिरू द्यायचं. घाई करायची नाही. दोन्ही इंजिनांचं पाणी एकच, म्हणून पोनी तापली की मोठ्यालाही ऊब मिळते. पोनीचा धूर नेणारा पाइप मोठ्याच्या हवेच्या वाटेतून जातो, म्हणून आत ओढली जाणारी हवाही गरम होते. तेलाचा काटा वर आला, की कॉम्प्रेशन लावायचं आणि डिझेल सोडायचं. पहिला ठोका पडतो, दुसरा पडतो, पोनी आपोआप सुटते, आणि मग तो संथ, जाड आवाज लागतो. मेळाव्यात याच दहा-पंधरा मिनिटांसाठी लोक थांबून राहिले. मशीन नुसतं उभं असतं तर एक फोटो काढून पुढे गेले असते.

चेनच का, चाक का नाही, असं एका शाळकरी मुलीने मला तिथे विचारलं. याचं उत्तर आमच्या खाडीकाठच्या माणसाला समजावायला सोपं जातं. खाजणात चाक रुततं, फळी टाकली की माणूस चालतो. वजन तेवढंच, पण ते पसरतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात अशीच भुसभुशीत काळी जमीन होती. वाफेचे अवजड ट्रॅक्टर तिथे बुडत. बेंजामिन होल्ट यांनी मागची चाकं काढून तिथे लाकडी पट्ट्यांच्या चेन बसवल्या आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ते मशीन शेतात चालवून पाहिलं. कॅटरपिलर हे नाव त्यांनी १९१० साली नोंदवलं. १९२५ साली त्यांची आणि प्रतिस्पर्धी बेस्ट यांची कंपनी एक झाली. पहिला डिझेल मॉडेल १९३१ चा, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आधीचा राखाडी रंग जाऊन पिवळा आला.

पण लाकडाच्या मेळाव्यात सांगायला हवं ते वेगळंच आहे. होल्टच्याही आधी चेन धंद्याला लागली ती जंगलात. अमेरिकेच्या ईशान्येला मेन राज्यात आल्विन लोंबार्ड या माणसाने १९०१ साली वाफेच्या लॉग हॉलरचं पेटंट घेतलं. दिसायला रेल्वेचं छोटं इंजिन, पण मागे चेन आणि पुढे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या. हिवाळ्यात गोठवलेल्या वाटांवरून ओंडक्यांनी लादलेल्या स्लेजची माळ ते ओढत नेई. दिशा देणारा माणूस बॉयलरच्या पुढे, उघड्या थंडीत बसलेला. घोड्यांच्या जोड्या जिथे थकत तिथे हे चाले. आज ब्रॅडली गावाजवळच्या लाकूडतोड संग्रहालयात असाच एक लोंबार्ड आहे. मेन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या मदतीने तो दुरुस्त झाला, आणि तिथे तो वाफेवर चालवून दाखवतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काचेमागे ठेवलेल्या इंजिनापाशी शिकाऊ मुलांना करण्यासारखं काय असतं?

आता आमच्या चेनविषयी. जांभा दगड दिसायला मऊ, चिऱ्याच्या खाणीत कापलाही जातो. पण त्याची बारीक पूड चेनच्या सांध्यात शिरली की पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, घासत सुटते. पिन बारीक होते, बुश आतून मोठा होतो, प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते, आणि एवढ्या सांध्यांची ढिलाई मिळून चेन लांबते. मग ती आयडलरवर, म्हणजे पुढच्या मोकळ्या चाकावर, लोंबायला लागते. जुने लोक पिन-बुश काढून अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा बसवत, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येई आणि चेनला दुसरं आयुष्य मिळे. आमच्या चेनचं ते आयुष्यही वापरून झालेलं आहे. मित्रांनी नवी चेन घालायचा आग्रह धरला होता. मी घातली नाही. रंगही मारला नाही. वायर ब्रशने सुटा गंज काढला, जवसाचं उकळलेलं तेल फिरवलं. सीटच्या खालच्या पत्र्यावर जिथे ऑपरेटरची टाच टेकत असे तिथे पत्रा चकचकीत आणि पातळ झालाय. तोही तसाच ठेवला.

मेळावा सिंधुदुर्गातल्याच एका सॉ मिलच्या आवारात होता, कुठलाही बडेजाव नसलेला. एका बाजूला जोडीने ओढायच्या करवती, पाचरी, पहारी, घण. एका टेबलावर छापाचे हातोडे. तोडलेल्या लाकडावर आणि बुंध्यावर वनखात्याची निशाणी ठोकायचे तसले, आणि व्यापाऱ्यांच्या खासगी छापाचेही. त्या छापाशिवाय आणि पासाशिवाय लाकडाचा ट्रक नाक्यावरून सुटत नसे. एक निवृत्त मुनीम घेराची टेप घेऊन बसले होते. ओंडक्याचा मधला घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं, की घनफूट निघतात. मोबाईलवर हिशेब करणाऱ्या पोराच्या आधी त्यांचं उत्तर तोंडी तयार असायचं, प्रत्येक वेळी.

आम्ही अकेशियाचे वादळात पडलेले ओंडके विंचने ओढून दाखवणार होतो. पण सकाळी सुरुवात करण्याआधी मिलच्या जुन्या कामगारांनी नारळ मागवला. मशीनसमोर उभं राहून एकाने गाऱ्हाणं घातलं. ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुझ्या हद्दीत मशीन सुरू करतोय, माणसाला, जनावराला इजा होऊ देऊ नको. बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. हे आमच्यासाठी मुद्दाम केलेलं नव्हतं. रानात काम सुरू करायची रीतच ती होती. सुरक्षेचं माझं काम मी केलंच होतं. तारेचा रोप ताणात तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं फिरतं, म्हणून रोपाच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर दोरी बांधली होती आणि तिच्या आत मी आणि तो मुलगा सोडून कोणी नव्हतं. गाऱ्हाणं आणि दोरी, दोन्हींची मला सारखीच गरज वाटली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. थेट चेनपाशी बसले, स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. बराच वेळ गेला.

"ह्यां मशीन पाठी लय चल्लाला आसा," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून? त्यांनी दाताच्या दोन बाजू दाखवल्या. पुढे जाताना एक बाजू घासते, मागे येताना दुसरी, आणि मागच्या चालीत ताकद लावली तर झीज जास्त होते. आमच्या स्प्रॉकेटची ती बाजू आकड्यासारखी वाकलेली. म्हणजे अरुंद वाटेवर पुढे ढकलायचं आणि वळायला जागा नाही म्हणून चढ मागे चढत यायचं, असं काम. मग त्यांनी डाव्या आणि उजव्या चेनची लोंबणी शेजारी शेजारी दाखवली. डावी जास्त लांबलेली. "डावो आंग उताराक धरून आडवां काम केल्यानी." उतारावर आडवं चाललं की खालच्या चेनवर भार येतो आणि ती आधी जाते. ते बोलत होते आणि आमचा मुलगा त्यांच्या शेजारी उकिडवा बसून दाताला हात लावून पाहत होता. मी इतके महिने त्या चेनसोबत होतो, तिची मापं माझ्या वहीत होती. पण तो डोंगर, ती वाट, डाव्या हाताला असलेली दरी मला त्या दुपारी दिसली.

नवी चेन घातली असती, तर तात्या वाचणार काय होते?

मग त्यांनी मुलाची परीक्षा घेतली. "झिला, उतारार आसंस. पाठसून वजो ढकलता. उजवीकडे वळूचा आसा, ब्रेक मारूचो नाय. खयचो लिव्हर वडशीत?"

मुलगा म्हणाला, उजवा.

"मग गेलंस दरीत."

उतारावर सगळं उलटं होतं. सपाटीवर इंजिन चेनला ढकलत असतं. उतारावर वजन ढकलतं आणि इंजिन चेनला धरून ठेवत असतं. उजवा क्लच सोडला की उजव्या चेनचा लगाम सुटतो, ती पळते, आणि मशीन डावीकडे फिरतं. म्हणून उजवीकडे जायचं तर डावा लिव्हर ओढायचा. कंपनीच्या पुस्तकातही हा इशारा असतो, पण तात्यांनी तो पुस्तकातून घेतला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर, ओल्या मातीत, ओंडका मागे बांधलेला असताना एका ऑपरेटरचं मशीन फिरलेलं त्यांनी हेल्पर म्हणून शेजारी उभं राहून पाहिलं होतं. माणूस वाचला. त्याचं नाव ते घेत होते, घरही दाखवत होते. मुलाने त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला, आणि मग सीटवर बसून, इंजिन बंद असताना, डोळे मिटून डावा लिव्हर ओढून दाखवला. तात्यांनी मान हलवली. "आता बसलां."

मी मशीनजवळ एक फळा ठेवला होता. त्यावर मशीनचा इतिहास होता. अशी यंत्रं आपल्या देशात कशी पोचली हेही होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारली ती अमेरिकी सैन्याच्या उरलेल्या ट्रॅक्टरांवर. मध्य भारतात कांस गवताने गिळलेल्या जमिनी खोल नांगरून काढायला चेनचेच ट्रॅक्टर लागत, आणि १९४९ साली जागतिक बँकेने त्यासाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. देशाचं धान्य वाढवायला ही यंत्रं आली, हे खरं आहे. पण आमच्या मशीनने धान्य पिकवलं नाही. त्याने रान खाली आणलं. म्हणून फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात मी तेही लिहिलं होतं: हे कुठल्या डोंगरावर चाललं आणि तिथून कोणती झाडं गेली. ऐन, किंजळ, शिवण, खैर, जांभूळ.

काहींना ते खटकलं. प्रदर्शनात असलं कशाला, असं एका ओळखीच्या बागायतदारांनी बाजूला घेऊन सांगितलं. त्यांची स्वतःची बाग अशाच सारख्या केलेल्या सड्यावर उभी आहे आणि त्यांनी त्या बागेवर मुलांना शिकवलं, हे मला माहीत आहे. त्यांना दुखवायचा माझा हेतू नव्हता, नाही. पण फळा मी काढला नाही. चालवणाऱ्याचं कसब खरं होतं, आणि झाडंही खरी होती. यातलं एकच दाखवलं तर ते मशीन अर्धंच दाखवलं.

संध्याकाळी एक मावशी फळ्यासमोर थांबल्या. नातवाने त्यांना वाचून दाखवलं. त्या त्याच डोंगराखालच्या वाडीतल्या. "आमी लाकडांक थयच जाय होतंव," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "नाणो इसारलंस. आणि धामण. धामणीचे दांडे करीत आमचे बापूस." मी खडू त्यांच्या नातवाच्या हातात दिला. त्याने नाणा लिहिलं, धामण लिहिलं. मावशी आठवत राहिल्या आणि यादी फळ्याच्या कडेपर्यंत गेली: कुंभा, बेहडा, हेद. कुठलं झाड पाणंदीच्या कुठल्या वळणावर होतं तेही त्या सांगत होत्या. शेवटी त्यांनी चेनवर हात ठेवला आणि विचारलं, ह्यां अजून चलता? मी हो म्हटलं. त्यांना सुरू करून पाहायचं नव्हतं. तेही मला पटलं, आणि आम्ही पोनीला हात लावला नाही.

त्या दोघांची माहिती मी टिपून घेतली आहे. तात्यांची झीज आणि मावशींची झाडं एकाच वहीत आहेत, कारण दोन्ही एकाच डोंगराची आहेत. तिथे आता कलमं आहेत. डावीकडे उतार असलेली, मशीनला वळता न येता मागे चालत यावं लागेल इतकी अरुंद वाट त्या बागेच्या वरच्या अंगाला अजून दिसते. तात्यांना गाडीतून तिथवर न्यायचं ठरलं आहे. कुठे विंच लावायचे, कुठे ओंडके गोळा करायचे, ते त्यांनी जागेवर उभं राहून सांगावं आणि मुलाने रेकॉर्ड करावं.

यानंतरचं काम एका खाणीच्या कडेला पडलेला बीईएमएलचा डी-५० वाचवण्याचं आहे. बेंगळुरूची ही सरकारी कंपनी १९६४ ची. जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने तिने बनवलेले हे डोझर आपल्याकडे रस्त्यांवर, धरणांवर, खाणींवर चालले. कोकणात आजही कितीतरी आवारांत ते गवतात बसलेले दिसतील. भंगाराचा भाव वाढला की कटरवाले फिरायला लागतात, म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असं चेनचं मशीन पडलेलं असेल तर आधी त्याच्या क्रमांकाच्या प्लेटचा फोटो काढा. मग स्प्रॉकेटच्या दाताचा, दोन्ही बाजूंनी. आणि ते चालवणारा माणूस हयात असेल तर त्याला मशीनपाशी घेऊन या, त्याच्या घरी जाऊन विचारू नका. घरी तो म्हणेल, काय सांगायचं, चालवत होतो झालं. चेनपाशी बसला की बोलेल.